शेतशेजाऱ्याच्या हातावर पाणी

आमच्या गावच्या दर्ग्यात उरुसाच्या जेवणाला एक रीत आहे. पंगतीतल्या प्रत्येकाच्या हातावर मुजावर स्वतः वाकून पाणी घालतात आणि सगळ्यांचे हात धुऊन होईपर्यंत कोणी घास उचलत नाही. यंदा मुजावरचाचांची कंबर धरली होती. तोटीचा तांब्या त्यांनी माझ्या हाती दिला.

पंगतीच्या टोकाला माझा शेतशेजारी बसला होता. आमच्या दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, त्याच्या मोजणीनं मी हातभर कोरला आहे. माझ्या मोजणीनं त्यानं दीड हात. मालेगावच्या कोर्टात आम्ही एकाच बाकावर बसतो, पण बोलत नाही. याच्यापुढे मी कधी वाकणार नाही, हे गावभर सांगून ठेवलेलं.

त्याच्यापाशी पोचलो, तर त्यानं हात काखेत घातले.

"मी घरूनच धुऊन आलो."

"झालं तर मग," मी म्हणालो. माझी काहीच हरकत नव्हती.

"झालं कसं?" चाचा खाटेवरून ओरडले. "हात मळले म्हनून धुऊन राह्यलो का आपन? अल्लानं मातीचा पुतळा केला, त्यात आपली फुंकर घातली, अन् फरिश्त्यांले म्हने, वाका याच्यापुढं. त्यायनं इचारलं का, याचा धुरा कुठं हाय?"

"सगळेच वाकले?" मी विचारलं.

"एक नाही वाकला. त्यानं तुह्यासारखा हिशोब केला. मी आगीचा, हा मातीचा, मंग मी काहून वाकू? माती मोजली, फुंकर मोजाची राह्यली. त्यालेच सैतान म्हनतात."

"वाका ना भाऊ लवकर," पंगतीतून कोणी ओरडलं, "भुकेनं जीव चालला!"

हिशोबातली चूक कोणी दाखवली की मला ती मानावी लागते. मी वाकलो. शेजाऱ्यानंही काखेतून हात काढले.

"आता तुह्या हातावर कोन घालते?" चाचा म्हणाले. पाणी घालणाऱ्याचे हात शेवटचा माणूस धुतो, हे त्यांनी मला आधी सांगितलंच नव्हतं.

शेजारी उठला, मी बसलो. तो वाकला तेव्हा त्याचे गुडघे कडकडले. अर्धं पाणी माझ्या हातावर पडलं, अर्धं मांडीवर.

"तारखेले येतं का?" त्यानं हळूच विचारलं.

"येतो."

"मंग माह्याच गाडीवर ये. दोन गाड्या कायले न्याच्या?"

खटला आम्ही मागे घेतलेला नाही. जाताना गाडी तो चालवतो, येताना मी.