पावमास्तरांची चाळीस रोपं

आमच्या ह्यांना सगळी गल्ली पावमास्तर म्हणते. तीस वर्षं भट्टीपुढे काढली आणि शेवटी पिठाची धूळच छातीत जाऊन बसली. डॉक्टरांनी बेकरीची पायरी चढायची नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून हे घरात येरझाऱ्या घालायचे आणि माझ्या प्रत्येक कामात नाक खुपसायचे. मी पार वैतागून गेले होते.

मग सार्वजनिक बागेच्या मुकादमबाई म्हणाल्या, रोपघरात माणूस हवाय. "चाळीस रोपं लावा, मास्तर. महिन्यानं त्यातली तीस जिवंत दाखवा. जागा तुमची."

ह्यांनी उभ्या जन्मात साधी कुंडी सांभाळली नव्हती. पण लगेच कंबर कसली. जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून गच्चीवर काचघर उभं केलं. दोन माणसं शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं, एवढंसं. टोमॅटोचं बी पेरलं, फटींत ओली फडकी कोंबली आणि छताची झडप लावून टाकली.

बी भराभर उगवलं. ह्यांना आकाश ठेंगणं झालं. "बघ, मळलेल्या पिठासारखंच आहे सगळं. ऊब द्यायची, झाकायचं, वारा लागू द्यायचा नाही."

नवव्या दिवशी सकाळी सहा रोपं आडवी. देठ मातीलगत काळे पडलेले. ह्यांनी आणखी फडकी भिजवली. दुसऱ्या दिवशी आणखी तीन गेली. उरली एकतीस.

मी काचेवर हात फिरवला तर पाण्याचे ओघळ. एका कोपऱ्यात तावदानाचा टवका उडाला होता, तिथली रोपं मात्र ठणठणीत.

"अहो, वारा हवाय त्यांना."

"झाकायचं कसं ते तू मला शिकवू नकोस!" आवाज चढला तसा खोकलाही चढला. वाद घालून त्यांचा दम वाढवण्यापेक्षा चोरी केलेली बरी, असं ठरवलं.

रोज दुपारी हे दवाखान्यात वाफ घ्यायला जात. त्यांची पाठ वळली की मी झडप उघडायची, फडकी काढायची, आणि चारच्या आत सगळं जसंच्या तसं करायची. जिन्यात पाऊल वाजलं की घाईघाईनं फडकी फटींत कोंबायची. पण रोपं मरायची थांबली. हे खूश होऊन म्हणाले, फडक्यांनी काम केलं बघ. मी मनातल्या मनात दातओठ खाल्ले.

शेवटच्या आठवड्यात एकदा हे लवकर परतले. मी झडपेला हात लावून उभी, आणि मागे दारात हे. उघड्या झडपेकडे पाहून ते तसेच खाली निघून गेले. त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

ठरल्या दिवशी मुकादमबाई आल्या. एकेक देठ बोटानं हलवून मोजला.

"एकतीस. छान! पण नऊ गेली म्हणजे मर लागली होती ना, देठ कुजण्याची? थांबवलीत कशी?"

माझा जीव टांगणीला लागला. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, सांगा ना, वारा दिला म्हणून. एवढं म्हटलं असतं की काम फत्ते होतं.

"मी कुठला थांबवतोय?" हे म्हणाले. "मी तर कोंडून मारत होतो. हिनं माझ्यामागे झडप उघडली. रोज." खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी कशीबशी आवरली. "रोपं हिची आहेत."

"मग जागाही यांनाच द्यावी लागेल, मास्तर." बाई माझ्याकडे वळल्या. "याल का ताई, सोमवारपासून?"

नाही म्हणायचं होतं मला. शब्द अगदी ओठांवर होता. महिनाभर हे त्या जागेकडे डोळे लावून बसले होते, ते मीच पाहिलं होतं. पण दुपारी त्या काचघरात एकटीनं उभं राहणं मला किती आवडायला लागलंय, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

"येईन," मी म्हणाले, आणि ह्यांच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.