फरशीला शिक्षा करणारे आबा

वाईच्या गंगाधरपंतांनी पाटबंधारे खात्यातल्या उभ्या नोकरीत शिपायालाही कधी आवाज चढवला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र ते घरातले न्यायाधीश झाले. नातू मुकुल धडपडला की आबा काठी घेऊन धावत आणि फरशीला दोन फटके हाणत. "हात्! माझ्या बाळाला पाडतेस?" फरशीला मार बसला की मुकुल खुदकन हसे. उंबरा, टीपॉय, शेजाऱ्यांची स्कूटर, सगळ्यांनी असा मार खाल्लेला. दर वेळी निर्दोष सुटे तो एकटा मुकुल.

सून मयूरीला एक तारखेपासून शिरवळच्या कारखान्यात पुन्हा रुजू व्हायचं होतं. मुकुल बालवाडीत रमला तरच ते जमणार, नाहीतर जागा दुसरीला जाणार. बालवाडीच्या पल्लवीबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आधी त्याच्या मनाची तयारी करून घ्या. पडला तर जवळ घ्या, रडू द्या. पण कुणाला तरी मारून त्याची समजूत काढू नका. आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवा."

"मनाची तयारी म्हणे!" आबा फुत्कारले. "आम्हाला बखोट धरून शाळेत नेऊन आदळलं, झाली तयारी. काय बिघडलं आमचं?"

काय बिघडलं ते मयूरी सविस्तर सांगू शकली असती, पण तव्यावर पोळी होती.

आबांनी मग आपल्या पद्धतीने तयारी करून घेतली. मुकुलला सगळे ग्रह तोंडपाठ झाले. पाळी मात्र घरात कायम त्याचीच असे, त्यामुळे थांबायचा प्रश्नच आला नाही.

पहिल्या आठवड्यात घरच्या एकाला शाळेच्या व्हरांड्यात बसायची मुभा होती. अंगणात यायचं नाही, एवढीच अट. मयूरी कागदपत्रं द्यायला शिरवळला गेली होती, म्हणून आबा बसले. घसरगुंडीच्या शिडीवर वल्लरी नावाची मुलगी चढत होती. मुकुलने तिला ढकलून बाजूला केलं, वर चढला, सुर्रकन खाली आला, मातीत आपटला आणि भोकाड पसरलं.

अट कुणाच्या लक्षात राहते? आबा अंगणात. काठी घसरगुंडीवर. "हात्! पाडतेस बाळाला?"

मुकुल गप्प झाला. बाकीची पोरं मात्र हरखली. असे आजोबा त्यांनी पाहिलेच नव्हते. पटापट पोरं पडू लागली.

"आबा, मला खुर्चीनं पाडलं!"

"आबा, मला डबा चावला!"

आबांना स्फुरण चढलं. खुर्चीला फटका, डब्याला चापट. झाडायला आलेल्या हरणाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आवं आबा, त्या भिताडाला बी हाना की! कवाधरनं नुसतं हुभं हाय!"

तेवढ्यात वल्लरी पुढे आली. तिचं कोपर खरचटलं होतं. "आबा, मला यानं पाडलं," ती मुकुलकडे बोट दाखवून म्हणाली. "याला मारा."

सगळी पोरं आबांच्या हाताकडे बघू लागली. मुकुलही बघत होता.

"जाऊ दे गं," आबा पुटपुटले. "लहान आहे तो."

"मीपण लहान आहे."

पाटबंधारे खात्यात यावर काही उत्तर असतं तर आबांनी दिलं असतं. पल्लवीबाई शांतपणे म्हणाल्या, "आबा, तुम्ही फाटकाबाहेर थांबा. इथलं आम्ही बघतो."

फाटक लागलं. आत मुकुल पुन्हा रडू लागला. आबांनी कडी धरली, सोडली, पुन्हा धरली. रडणं चढलं, मग उतरलं, मग हुंदके उरले. थोड्या वेळाने पल्लवीबाईंचा आवाज आला, "आधी वल्लरी, मग मुकुल." आणि घसरगुंडीवरून सुर्रकन कुणीतरी खाली आलं. पाठोपाठ आणखी कुणीतरी. कुणी रडलं नाही.

शाळा सुटल्यावर पल्लवीबाई म्हणाल्या, "मुकुल रमेल. त्याला फाटकाशी सोडत जा. तुम्ही मात्र आत येऊ नका."

संध्याकाळी मयूरीने शिरवळहून फोन केला, "आबा, राहिला का हो?"

"राहिला," आबा म्हणाले. सुतकात बोलावं तसा आवाज. मग चप्पल पायात सरकवून ते गणपती घाटावर गेले, मित्रमंडळींत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "मुकुल एका दिवसात रमला बरं का! तयारी कुणी करून घेतली होती?"