कोऱ्या पानांचे मिस्त्री

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत फोनवर बसणाऱ्या मावशींचा कान असा तयार, की पलीकडून नुसता ‘हॅलो’ आला तरी कुठली लिफ्ट रुसली ते त्यांना कळायचं. एकदा एका गृहस्थाला तक्रार सांगूच दिली नाही. दारात पायपुसणं अडकलंय, काढा, म्हणाल्या आणि फोन ठेवला. पायपुसणंच निघालं!

तर झालं असं. मालकांनी नवी टूम काढली. स्वस्तात दुरुस्ती कुणीही करतो, आपण भरवसा विकायचा. ‘आमची लिफ्ट बंद पडत नाही’ हे गाडीवर, दारावर, मिस्त्र्यांच्या पाठीवरसुद्धा छापून झालं. भिंतीवरचा फळा तेवढा जुनाच राहिला. महिन्यात कुणी किती दुरुस्त्या केल्या, ते त्यावर लिहायचं. वरच्याला शाबासकी, तीन महिने तळाशी राहील त्याला नारळ.

तळाशी होते मुके मिस्त्री. तसे मुके नव्हते, पण दिवसातून चार शब्द बोलले तर त्यातले दोन ‘पाना द्या’. आपल्या अकरा इमारतींत फिरून तेलपाणी करायचे, झिजलेला भाग मोडायच्या आधीच बदलायचे. फळ्यावर त्याला जागाच नव्हती. सगळ्यात वर होते धावते मिस्त्री. एकाच लिफ्टकडे पाचदा धावायचे आणि फळ्यावर पाच दुरुस्त्या लावायचे.

तिसरा महिना संपायला आठवडा उरला, तशी मावशींना मुक्यांच्या नोकरीची काळजी लागली. त्यांनी तक्रारवही उघडली. मुक्यांच्या अकराही इमारतींची पानं सात महिने कोरी! वही काखोटीला मारून त्या थेट मालकांच्या खोलीत शिरल्या.

मालकांना वाटलं, बाई नोंदी करायला विसरल्या. मावशींना ते भलतंच झोंबलं. बावीस वर्षांत एक फोन चुकला असेल तर आधी मला नारळ द्या, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून बोलल्या, “साहेब, गाडीवर लिहिता लिफ्ट बंद पडत नाही, आणि ती जितकी बंद पडेल तितकी शाबासकी देता. तुमचा शब्द ज्यानं खरा केला, त्यालाच काढताय.”

मालक एकेक करून कोरी पानं उलटत गेले. मग उठले, फळा पुसला आणि खडू मावशींच्या हातात दिला. आता कुणाच्या इमारतींतून किती दिवस फोन आला नाही, ते लिहायचं ठरलं. मुके मिस्त्री एका उडीत वर. धावते चार दिवस फुगून बसले, पाचव्या दिवशी तेलाचा डबा घेऊन मुक्यांच्या मागे फिरू लागले.

महिन्याभरात मावशींचा फोन गप्प झाला. मुके मिस्त्री टेबलाशी येऊन घुटमळले. “मावशी, आता तुम्ही काय करणार?”

“तुमच्याशी बोलणार,” मावशींनी खुर्ची पुढे सरकवली. “बसा. बावीस वर्षांचं साचलंय.”