आधी एक चांगलं सांग

एस्तेरमावशीकडे कुणाचीही तक्रार घेऊन गेलं, की ती चौकातल्या पोलिसासारखा पंजा वर करायची आणि म्हणायची, "थांब. आधी त्या माणसाचं एक चांगलं सांग. मग काय रडायचं ते रड." मी बहुतेक सासूबाईंचीच तक्रार घेऊन जायचे. त्या चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. मी शाळेत शिकवून दमून येणार, त्यांची ओली चादर बदलणार आणि वर त्या विचारणार, इतका वेळ कुठं होतीस? अशा बाईचं चांगलं काय सांगायचं? "लोणचं चांगलं घालायच्या," मी कशीबशी म्हणायचे. मावशी खूश. "बघ, हाय की न्हाय! आता घरला जा आन् त्या लोणच्याचा इचार कर." रडायचं राहूनच जायचं. खरं तर तेवढं त्राणही नसायचं.

मावशी आमची शेजारीण. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात तिनं तीस वर्षं नर्स म्हणून काढली. नवरा लवकर गेला, एकुलत्या एका मुलीला, करुणाला, तिनं एकटीनं वाढवलं. त्या काळात नातेवाइकांनी बोलून बोलून तिला जेरीस आणलं होतं, आणि मन कडू होऊ नये म्हणून तिनं हा नियम स्वतःलाच लावून घेतला होता. मनात काय ठेवावं याची आमच्या पवित्र शास्त्रात, बायबलात, एक यादी आहे: सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध आणि पुढे आणखी. ती तिला तोंडपाठ. "जखम एक दिस उघडी टाकली की पू धरती," ती म्हणायची. "मनाचं काय येगळं हाय? रोजच्या रोज पुसायला लागतंय."

आमच्या चर्चच्या गुरुवारच्या महिला प्रार्थनासभेत कुणी तक्रार करत नाही. तिथं तिला 'प्रार्थनेचा विषय' म्हणतात. "माझ्या जाऊबाईंच्या स्वभावासाठी प्रार्थना करा" एवढी सुरुवात झाली, की जाऊबाईंची सगळी कुंडली सभेसमोर मांडली जाते. मावशीनं आपला नियम तिथंही लावला आणि सभा निम्म्या वेळात आटपू लागली.

एका मे महिन्यात करुणा माहेरी आली होती. तिला वारणानगरला दिली होती, सहा वर्षांची मुलगी होती. गुरुवारी ती सभेत उभी राहिली. "माझ्या घरासाठी प्रार्थना करा. ह्यांचा राग..." मावशीचा पंजा वर गेला. पोटच्या पोरीलाही सूट नव्हती. "आधी जावयाचं एक चांगलं सांग."

करुणानं एकदा आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोरीला रोज शाळेत सोडतात."

"प्रभूची स्तुती असो!" मावशी म्हणाली. आम्ही सगळ्या आमेन म्हणालो. त्या उकाड्यात करुणानं मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घातला होता. मी तो पाहिला होता. पण मी दमलेली होते, मला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं तिला एसटीत बसवून दिलं. "वाईट मनात घोळवत बसू नगंस. पोरीला शाळंत सोडतोय, तेवढंच डोळ्यापुढं ठेव." त्यानंतर करुणा फोनवर सगळं चांगलंच सांगायची. नियमाला फळ आलं, असं मावशीला वाटत होतं.

दोन महिन्यांनी करुणाच्या शेजारणीचा फोन आला. करुणाचा हात मोडला होता, आणि तो पडून मोडलेला नव्हता. मावशी हातातलं काम टाकून निघाली आणि संध्याकाळी करुणाला, नातीला आणि कपड्यांची एक पिशवी घेऊन परतली. जावई दारात आडवा आला होता म्हणे. मावशीनं त्याला सांगितलं, "पावणं, बाजूला व्हा. तीस वर्सं मोडलेली हाडं बघितल्यात मी. कुठलं पडून मोडतंय आन् कुठलं पिरगाळून, ते मला शिकवू नगा."

पुढच्या गुरुवारी ती सभेत उभी राहिली. आवाज खाली होता. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माज्या पोरीनं हितंच तोंड उघडलं हुतं. मी ते बंद केलं. यादीत पयलं सत्य हाय, बायांनो. मी ते वलांडून पुढचं गोड गोड तेवढं धरलं. मनात घाण नगं म्हणून डोळंच मिटून घेतलं. ह्याला प्रार्थनेचा विषय म्हणू नगा. ह्याला पाप म्हणा." कुणालाच आमेन म्हणवलं नाही. मला तर मान वर करता आली नाही.

त्यानंतर मावशी थकत गेली. नियम तिनं सोडला नाही, पण त्याच्या आधी आता 'खरं काय ते सांग' आलं. एका दुपारी ती आमच्याकडे आली. "हल्ली सासूचं रडायला येत न्हाईस?"

"बरं चाललंय, प्रभूची कृपा."

"खरं सांग की."

आपण किती दमलोय, ते मला त्या क्षणी कळलं. "मावशी, कधी कधी वाटतं, त्या आता जाव्यात."

आता शास्त्रवचन येणार, म्हणून मी वाट पाहत राहिले. "व्हय," ती म्हणाली. "वाटणारच की." तिनं पदर खोचला, सासूबाईंना अलगद कुशीवर वळवलं आणि त्यांची पाठ पुसायला घेतली. "जा, दोन तास नीज. चांगलं काय ते उठल्यावर हुडकू."

गेल्या जानेवारीत मावशी गेली. करुणा आता एका बालवाडीत काम करते, मावशीच्याच घरात राहते. अंत्यविधीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी तिला आईविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं. आम्ही रुमाल काढून बसलो होतो. मोडलेला हात तिला अजून सरळ करता येत नाही. दुसऱ्या हातानं तो धरून ती उभी राहिली.

"आईनं मला एकदा माघारी धाडलं," ती म्हणाली, "आन् एकदा न्यायला आली. दोन्ही खरं हाय. आन् हे दोन्ही धरून मला तीच आई पायजे."