साताऱ्याहून सांगलीकडे, सात दांड्यांचा अँटेना घेऊन

शनिवारी सकाळी साडेसहाला अँटेना गाडीच्या टपावर बांधला आणि निघाले. त्याआधीचे तीन आठवडे मी घरात धड बसले नव्हते. भाजी चिरता चिरता उठायचं, गच्चीवर जायचं, एखादी दांडी दोन मिलिमीटर कापायची, पुन्हा खाली. शेवटी नवराच म्हणाला, "एकदाची जाऊन ये बाई. घरातली पट्टी, पक्कड, कानस, सगळं गच्चीवर राहायला गेलंय."

सांगलीत विश्रामबागला आबा राहतात. फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या तुकडीत होते. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचं बिनतारी बोलणं, मला त्यांनीच शिकवलं. गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी मी साताऱ्याच्या गच्चीवरून आणि ते त्यांच्या घरून, असे थेट बोलत आलोय. दिवाळीनंतर ते म्हणायला लागले, "पोरी, तुझं नीट लागत न्हाई." अर्ध्या तासाच्या गप्पा दोन मिनिटांवर आल्या. मग एक रविवार रिकामा गेला, मग आणखी एक. फोन केला की त्यांच्या बायको, काकी, उचलायच्या आणि आबा बाहेर गेलेत म्हणायच्या. हे बोलणं आता कायमचं बंद पडणार, या धास्तीने मी चार दांड्यांचा अँटेना मोडून सात दांड्यांचा केला.

पूर्वी छपरांवर टीव्हीचे अँटेना असत, तसाच हा दिसतो. बनवणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: तो ताकद निर्माण करत नाही. इतर दिशांची काढून एका दिशेला देतो, यालाच गेन म्हणतात. दांड्या वाढवाव्यात तसा तो समोरच्याचं अधिक ऐकतो आणि बाजूच्यांचं कमी. ॲल्युमिनियमच्या नळ्या भंगारात स्वस्त मिळाल्या. मधला दांडा लाकडी.

वाटेत थांबत थांबत अँटेना तपासायचा होता; पहिला थांबा चाळकेवाडीचं पठार. ठोसेघरच्या रस्त्याने साताऱ्याहून तासभर लागतो. रस्ता अरुंद आहे, समोरून दुधाची गाडी आली की मागे घ्यावी लागते. पाणी आणि खाणं बरोबर ठेवा. वर पवनचक्क्या आणि वारा. अँटेनाचा खांब गाडीच्या दाराला बांधला, बुडाशी दगड रचले आणि तोंड आग्नेयेला केलं.

गवताचा भारा घेऊन जाणारी एक बाई थांबली. "ह्येनं काय धरताय, ताई?"

"सांगली."

"घावली का?"

"अजून नाही."

"मग आदी तुमी दगूड धरा. वाऱ्यानं तुमीच जाताय सांगलीला."

रेडिओवर आबा मिळाले. हॅम लोक एकमेकांना दोन आकडे सांगतात. पहिला शब्द किती कळले त्याचा, पाचपैकी. दुसरा संकेत किती जोरात आला त्याचा, नऊपैकी, तो रेडिओवरच्या काट्यावर दिसतो. पुष्कळ जण सौजन्य म्हणून सरसकट पाच-नऊ देऊन मोकळे होतात. आबा तसे देत नाहीत. घरून मला तीन-दोन मिळत होतं. पठारावरून आबा म्हणाले, "तीन, पाच."

दुसरा आकडा चढला, पहिला तिथेच. अँटेना पाव वळण फिरवला तर आबा गायब झाले, म्हणजे दिशा बरोबर होती. तरी मी अर्धा तास जोडण्या सोडत आणि आवळत बसले. बोटं सोलली.

उंब्रजला हायवेवर वडा-रस्सा खाल्ला. रस्सा झणझणीत, बिल शंभराच्या आत. टपाकडे बघत हॉटेलवाले म्हणाले, "सांगलीला बोलायला येवढा खटाटोप? फोन लावा की गड्या." मग मी बाईमाणूस आहे हे लक्षात येऊन, "न्हाई, म्हंजे ताई."

फोनवर ते येत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. उंब्रजहून रेडिओ लागलाच नाही, चहूकडे डोंगर. चहा अर्धा टाकून निघाले.

कराड, पेठ नाका, इस्लामपूर. पुढे जिथे रस्त्याचं काम चालू आहे तिथे अर्धा तास जास्त धरा. आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या बांधावर गाडी घेतली. इथून सांगली सपाटीवर, हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी. अँटेना हातातच धरला.

"तीन," आबा म्हणाले. मग जरा थांबून, "नऊ. काटा शेवटाला टेकलाय."

मी बांधावर बसले. काटा टेकतोय आणि शब्द तेवढेच लागतायत. यात अँटेनाचा दोष होताच कुठे? आबांनी एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. तीन म्हणत होते, तीनच होतं. मी दरवेळी दुसऱ्या आकड्याकडे बघत राहिले.

विश्रामबागला रेडिओची खरखर फाटकापर्यंत येत होती. काकींनी दार उघडलं. "या. कुकरचा ग्यास बंद करा म्हनलं, तर ह्यांनी पंखा बंद केला. तीन शिट्ट्यांचा भात सात शिट्ट्यांवर गेला. मशीन आनलंय कानाचं, ते कपाटात झोपलंय."

"त्यात शब्दापरीस भांडीच जास्त वाजत्यात," आबा म्हणाले. त्यांनी काकींच्या ओठांवरून ओळखलं होतं.

मी समोर बसून सावकाश विचारलं, सांगितलं का नाही?

"काय सांगू? मानूस बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते न्हाई. तू दांड्या वाढवत हुतीस. बरं वाटायचं. कुनीतरी आपल्याकडं तोंड करून बसलंय." मग खाली बघून, "सोमवारी कॉलेजवाले येनार हायत, रेडिओ न्यायला. मीच दिला."

तेवढ्यात रेडिओच्या लांब पल्ल्याच्या बँडवर कुणाचा तरी मोर्स सुरू झाला, खालच्या पट्टीतला टिंब-रेघांचा एकसुरी आवाज. आबांचं बोट टेबलावर हलायला लागलं. "इंदूरचा हाय. वीज गेलीया म्हनतो, ब्याटरीवर बसलाय."

"हे ऐकू येतं तुम्हाला?"

"ह्यात शब्द कुठं फोडायचेत? एकच सूर. हाताला कळतं."

मी मोर्स परीक्षेपुरता शिकले आणि विसरले. तसं सांगितलं.

"मला शिकवा," काकी म्हणाल्या, "म्हंजे ग्यास बंद करा म्हनून वाजवीन." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "कॉलेजवाल्यांना दोन आठवडं थांबवते. जास्त न्हाई जमायचं. त्यो रेडिओ नुसता बघून हे रोज झुरत्यात."

रात्री साताऱ्याला परतले. येताना-जाताना मिळून अडीचशे किलोमीटरच्या वर गाडी चालली, त्यात पाहण्याजोगं पठार आणि खाण्याजोगा रस्सा. तिकडे जाणाऱ्यांनी दोन्ही चुकवू नये. मला मात्र आठवतो तो आष्ट्याचा बांध. एका दिशेला तोंड करून बसले की ऐकणं झालं, असं मी धरून चालले होते.

दोन आठवडे पोळपाटावर लाटण्याने अक्षरं वाजवली. ऑफिसात शेजारची म्हणाली, "तुझ्या पेनाला काही होतंय का?" दोन आठवडे भरले त्या रविवारी माइक ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मोर्सची कळ घेऊन गच्चीवर बसले. रोमन अक्षरांत 'आबा, जेवलात का' एवढं पाठवायला दोन मिनिटं लागली, त्यात दोन चुका. पलीकडून उत्तर इतकं भरभर आलं की मला शेवटचं एकच अक्षर लागलं. पुन्हा पाठवा म्हटलं. पुन्हा तेवढंच भरभर.

मग फोन वाजला. काकी.

"लय हळू हाय म्हनत्यात. शिकवाय लागंल म्हनत्यात." मागे कळ अजून टकटकतच होती. "आनि कॉलेजवाल्यांचा नंबर मागतायत, येऊ नका म्हनून सांगायला. मी म्हनलं, फोनवर तुमाला काय ऐकू येनार, मीच सांगते."