टोपीचा खिळा आणि एक फूट माती

आमच्या ॲथोलला कोणी वय विचारलं की तो म्हणतो, "चौऱ्याहत्तर. पण ट्रॅक्टरवर बसलो की चाळीस." हेच तर माझं दुखणं! चाळीस वर्षांचा बाप्या उतारावर जे जे उद्योग करतो, ते सगळे हा म्हातारा करतो. मी नेरिडा, त्याची बायको. एक्कावन्न वर्षं हे बघतेय.

ह्युऑन नदीच्या वरच्या अंगाला आमची दहा एकर जमीन आहे. खाली सपाटीवर सफरचंदाची झाडं, वर उतारावर नुसतं गवत. ॲथोल अंगानं बुटका, कानानं जरा कमी, आणि हट्टाला मात्र काही कमी नाही. शेजाऱ्यांची कुंपणं न सांगता दुरुस्त करून येतो आणि कोणी आभार मानायला आलं की झाडांत जाऊन लपतो. सफरचंद खातो ते बियांसकट, देठासकट. टोपी जेवतानाही काढत नाही. काढतो ती फक्त शेडच्या दारात. टाचा उंचावून दाराच्या तुळईवरच्या खिळ्याला टोपी अडकवली की मगच आत जातो. चर्चमध्येसुद्धा एवढा मान देत नाही मेला.

ती तुळई साधी नाही. दरवर्षी पहिलं सफरचंद उतरवलं की त्या दिवसाची तारीख चाकूनं तिच्यावर कोरायची, ही माझे सासरे सेसिल यांची रीत. १९६९च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांचं अक्षर आहे, पुढचं सगळं ॲथोलचं. कारण त्याच वर्षी ऑक्टोबरात वरच्या उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि सेसिल त्याखाली सापडून गेले. त्यांना बाहेर काढलं ते एकोणीस वर्षांच्या ॲथोलनं. या विषयावर तो माझ्याशी उभ्या आयुष्यात दोन वाक्यं बोलला असेल.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसानं तरी जपायला नको? ट्रॅक्टर उलटलाच तर भार बसणाऱ्यावर येऊ नये म्हणून सीटमागे लोखंडी कमान असते. आमच्याला आहे. पण सेसिलनी शेड बांधली तेव्हा दारातून घोडागाडी जायची. कमान उभी ठेवली तर ट्रॅक्टर आत जात नाही, तुळईला अडतो. मग रोज संध्याकाळी खिळी काढून कमान मागे आडवी करायची. ती करायची याला बरोबर आठवण! सकाळी उभी करायची मात्र नाही. वर्षातून एकदाच ती उभी दिसायची, गावच्या जत्रेत ट्रॅक्टरांची मिरवणूक निघते तेव्हा. आणि सीटचा पट्टा? त्याच्यावर हा बसायचा. मऊ लागतो म्हणे.

"अरे, उभी कर ना ती कमान!"

"फांद्यांना लागते."

मी करवत घेऊन आडव्या येणाऱ्या चार फांद्या छाटून टाकल्या.

"आता?"

"आता संध्याकाळी परत पाडायची ना? मग कशाला उभी करू?"

"मग ती तुळई कापून वर सरकवू."

"माझ्या मेल्यावर काप!"

"तेच म्हणतेय मी, तशीच वेळ आणशील!"

त्यावर तो तोंड फिरवून निघून गेला. मी पातेलं आपटलं. तुळई कापणार नाही हे मलाही कळत होतं हो. बापाचं अक्षर होतं ते, कोण कापेल? पण वरच्या उतारावर त्याच्या इंजिनाचा आवाज जरा बदलला की माझ्या हातातलं काम थांबायचं. रोज.

मग सप्टेंबरात ॲथोलच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. होबार्ट शहरात, दवाखान्यात दोन रात्री राहायचं होतं. ॲथोल बसमध्ये बसला आणि मी तडक आमच्या शेजाऱ्याकडे, लायलकडे गेले. त्याच्याकडे चर खणायचं छोटं यंत्र आहे.

"लायल, दार वर जात नसेल तर जमीन खाली जाईल का रे?"

लायलनं डोकं खाजवलं. "नेरिडा, तो मला जिता सोडायचा नाही."

"तो स्वतः जिता राहिला तर सोडायचा प्रश्न. चल."

शेडमधली जमीन मातीचीच. ट्रॅक्टरच्या रुंदीचा, एक फूट खोल चर आम्ही काढला. खांबांपासून लांब राहिलो, दाराबाहेर हलका उतार केला, पाणी साठू नये म्हणून बाजूनं नाली काढली. वर जुना भुसा पसरला. कमान उभी ठेवून लायलनं ट्रॅक्टर आत घातला, तर वर चार बोटं जागा उरली. तुळईला ओरखडासुद्धा नाही. मी लायलच्या पाठीत असा धपाटा घातला की तो खोकत सुटला.

ॲथोल परतला, एका डोळ्यावर पट्टी. घरात न येता आधी शेडकडे. बराच वेळ दाराकडे बघत उभा.

"काय गं, हे दार उंच दिसतंय."

"ऑपरेशन झालंय तुझं. सांगितलं ना डॉक्टरांनी, सवय व्हायला वेळ लागेल."

"हो का?" म्हणाला आणि गप चहा प्यायला बसला. दोन दिवस त्याचा विश्वास होता! मी स्वयंपाकघरात तोंडात फडकं कोंबून हसत होते. तिसऱ्या दिवशी टाचा उंचावून टोपी अडकवायला गेला, तर हात खिळ्यापर्यंत पोचेना. उडी मारली. तरी पोचेना. मग भुसा पायानं बाजूला केला, आणि असा काही ओरडला की कोंबड्या पळाल्या.

आठवडाभर माझ्याशी बोलणं बंद. जे सांगायचं ते कुत्र्याला सांगायचा. "हिला सांग, मीठ कमी आहे." पण कमान पाडायला आता निमित्तच उरलं नव्हतं. ती उभीच राहिली. रोज सकाळी माझ्या खिडकीखालून जाताना पट्टा खाडकन अडकवायचा आणि ओरडायचा, "बांधला! थंड झालं काळीज?"

"झालं!" मी आतून ओरडायचे.

सतरा ऑक्टोबरला सकाळी तो वर गवत कापत होता. मी चहाबरोबरच्या स्कोन-पावांचं पीठ मळत होते. इंजिनाचा आवाज बदलला, आणि मग थांबलाच.

मी पिठाच्या हातानं धावले. उतारावर वॉम्बॅटनं, त्या जमीन उकरणाऱ्या गलेलठ्ठ जनावरानं, बीळ केलं होतं, गवतात दिसत नव्हतं. मागचं चाक त्यात गेलं आणि ट्रॅक्टर कुशीवर आडवा पडला होता. पालथा झाला नव्हता. कमान मातीत रुतून बसली होती, तिनंच धरला होता तो. आणि माझा नवरा पट्ट्यात आडवा लोंबकळत होता, टोपी डोक्यावर.

"ॲथोल!" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"बोंबलू नकोस. किल्ली फिरवून इंजिन बंद केलंय मी. आता मला धर आणि पट्टा सोड."

मी खांदा दिला, पट्टा सोडला, आणि तो अख्खा माझ्या अंगावर आला. दोघं गवतात पडलो. छातीवर पट्ट्याचा निळा वळ, बाकी काही नाही. मी त्याला शिव्या देत होते, रडत होते आणि त्याच्या तोंडाला पीठ फासत होते, सगळं एकदमच. तो आधी हसला. मग त्यानं मागे वळून ट्रॅक्टरकडे बघितलं आणि माझे पिठाचे हात घट्ट धरले. मीही सोडवले नाहीत. त्याच उतारावर बसलो होतो आम्ही.

दुपारी लायलनं ट्रॅक्टर सरळ केला. वाकलेली कमान ठोकून सरळ करायची नाही, नवीनच बसवायची, हे ॲथोलनं स्वतः त्याला बजावलं. मग स्टूल मागितलं, चाकू घेतला आणि तुळईवर कोरायला लागला.

"अरे, झाडांना आत्ताशी फुलं आलीत," मी म्हटलं. "सफरचंद कुठंय?"

"पडलं ना एक आज. पण शाबूत."

तारीख कोरून झाली, तरी तो खाली उतरेना. बापाच्या अक्षरावरून बोट फिरवत राहिला.

"बाबांनाही असं कोणीतरी दोन दिवस दवाखान्यात धाडायला हवं होतं गं," तो म्हणाला.

स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता, तो मी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.