कूलरला लागू पडलेलं औषध

मनाच्या आजाराच्या गोळ्या मी जवळजवळ अख्खा उन्हाळा कूलरला खाऊ घातल्या.

त्याचं असं झालं. त्याआधीचा हिवाळा मी भिंतीकडे तोंड करून काढला होता. ऑफिस नाही, दाढी नाही. संत्रं सोलून समोर ठेवलं तरी हात पुढे होत नव्हता. शेवटी बायकोनं मला धंतोलीतल्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि दर गुरुवारी येऊन बोलत बसायला सांगितलं. होळीपर्यंत मी माणसात आलो, कामावर रुजू झालो. साहेबांनी मात्र बजावलं, पुन्हा अशी लांबलचक रजा टाकाल तर खुर्चीवर दुसरा माणूस दिसेल.

गोळ्यांचा त्रास एकच. तोंडाला कोरड पडायची. त्यात नागपूरचा उन्हाळा. टपरीवर किस्सा रंगात यावा आणि ऐन शेवटाला जीभ टाळूला चिकटावी! मंडळी हसायच्या तयारीत आणि मी पाणी शोधतोय. आजार परवडला, पण हा अपमान? शिवाय बरं तर वाटतच होतं. मग गोळी कशाला?

अडचण बायकोची. ती सावनेरची, पक्की. जेवण झालं की गोळी तळहातावर घेऊन समोर उभी. मी गोळी गालात दाबायचो, "कूलर भरून येतो" अशी खूण करून मागच्या अंगणात जायचो आणि टाकीत थुंकायचो. नवऱ्याला घरकामाची गोडी लागली म्हणून ती खूश.

गुरुवारी डॉक्टरांनाही मी किस्सेच ऐकवायचो. ते चष्मा काढून डोळे पुसायचे. उपचार झकास चाललाय, असं माझं मत होतं.

मग एका सकाळी मला चप्पल घालता येईना. चप्पल समोर, पाय समोर, पण दोघांची गाठ घालून द्यायला मी जागेवर नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भिंत. उठायचो ते फक्त कूलर भरायला. बायको दाराशी उभी राहून नुसती बघायची. तिचं ते बघणं काही मला हसण्यावारी नेता आलं नाही.

त्याच आठवड्यात कूलरमध्ये पाणी चढेना. तिनं टाकी उपसली. पंपाच्या जाळीत गुलाबी गाळ, वाळ्याच्या ताट्यांवर गुलाबी ओघळ आणि तळाशी कालची गोळी, अर्धी विरघळलेली.

"काहून जी, हे काय होय?"

"मले बरं वाटून राहिलं होतं," मी भिंतीला सांगितलं.

तिनं जाळी धुतली, कूलर सुरू केला, खोली गार होऊ दिली आणि भर दुपारी बटण बंद केलं.

"काहून बंद केला वं?"

"आता गार वाटून राहिलं ना तुमाले? मग कूलर कशाले पाहिजे?"

घामानं गादी भिजेपर्यंत मुद्दा माझ्या डोक्यात शिरला.

त्या गुरुवारी ती सोबत आली. डॉक्टर हसत म्हणाले, "बोला, आज कोणता किस्सा?" बायकोच पुढे सरकली.

"किस्सा मी सांगते डॉक्टरसाहेब. हे आपल्या गोळ्या कूलरले चारून राहिले होते."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले नाहीत. "कोरड पडते, हे मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हसला नसता," मी म्हणालो. त्या खोलीत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. त्यामागोमाग बाकीचंही आलं: पुन्हा हिवाळा येईल ही भीती, खुर्चीवरचा तो दुसरा माणूस, दाराशी उभी राहणारी बायको. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आणि गोळी, गुरुवार दोन्ही बरीच वर्षं चालायचे आहेत, असं स्पष्ट सांगितलं. चाललेही.

निघताना बायकोनं हळूच विचारलं, "हे बरे होतील ना जी?"

"होतील. पण खरं सांगू का बाई? यांच्यापेक्षा तुमचा कूलर चांगला पेशंट. रोज गोळी घेतो आणि किस्से सांगत नाही."